वडील गेलेल्या मुलांसाठी ग्रुप सुरू करायचाय, पण मुलं बोलतच नाहीत, काय करू?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तीन महिन्यांपूर्वी तुमचे दाजी अचानक गेले, हार्ट अटॅक. भाची ७ वर्षांची, ती रोज विचारते बाबा कधी येणार. भाचा १४ चा, तो एकदाही रडला नाही, दिवसभर मोबाइलवर गेम खेळतो आणि काही विचारलं की "मी ओके आहे". ओळखीत अशी अजून चार-पाच घरं आहेत, तर सगळ्या मुलांना एकत्र आणून ग्रुप सुरू करावा असं तुम्हा मित्रमंडळींच्या मनात आहे, पण तुमच्यात कोणी सायकॉलॉजिस्ट नाही. तर हे करावं का, आणि मुलांना बोलतं कसं करायचं.

शेवटच्या प्रश्नालाच आधी हात घालते, कारण गडबड तिथेच होते. मुलांना बोलतं करायचं नाहीये. ग्रुपचं ते कामच नाही. मी गेली १८ वर्षं असे ग्रुप घेतेय आणि आमचा पहिला ग्रुप आम्ही अगदी "बोलतं करायचं" म्हणूनच घेतला होता. खोलीत अंधार केला, मध्ये मेणबत्ती, बारीक आवाजात बासरी, आणि नऊ मुलांना गोल बसवून सांगितलं की एकेकाने आपल्या माणसाची आठवण सांगायची. दुसऱ्याच मुलाला ढेकर आला. मग जे काही खिदळणं सुरू झालं ते थांबेचना, आणि आमच्या एक व्हॉलंटियर ताई चिडून म्हणाल्या, "अरे, आपण इथे कशासाठी जमलोय?" पुढच्या वेळी चारच मुलं आली. मला बरेच दिवस वाटत होतं की मुलं सीरियस नव्हती. नंतर डोक्यात प्रकाश पडला की त्यांच्या घरात गंभीरपणा आधीच उतू जात होता, सगळे हळू बोलतायत, टीव्ही बंद, जरा हसलं की कोणीतरी वळून बघतंय, आणि आम्ही इथे पण तेच मांडून ठेवलं होतं. कित्येक आठवड्यांनी ती पोरं मनापासून हसत होती आणि आम्ही ते बंद पाडलं.

ग्रुप कशासाठी, तर मुलाला अशी एक जागा मिळावी जिथे वडील नसणं ही बातमी नाही. वर्गात तो "तो रे, ज्याचे बाबा गेले" असतो. इथे सगळेच तसे. अमेरिकेत पोर्टलंडला १९८२ साली बेव्हर्ली चॅपल या नर्सबाईंनी डगी सेंटर, म्हणजे जवळचं माणूस गेलेल्या मुलांसाठीचं केंद्र, सुरू केलं ते याच कल्पनेवर, आणि ते सुरू झालं त्यांच्या राहत्या घरात, मोजक्या मुलांना घेऊन. ज्याचं नाव सेंटरला आहे तो डगी ब्रेन ट्यूमर झालेला १३ वर्षांचा मुलगा होता, इतर आजारी मुलांशी तो मृत्यूबद्दल सरळ बोलायचा, आणि मुलं एकमेकांना जो आधार देतात तो मोठ्यांना देता येत नाही हे बाईंनी तिथे पाहिलं होतं. त्यामुळे सायकॉलॉजिस्ट नाही म्हणून थांबू नका. ही थेरपी नाही, सोबत आहे. फक्त फोनवर हक्काने विचारता येईल असा एक बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा काउन्सेलर पहिल्या दिवसाच्या आधी ठरवून ठेवा, का ते खाली येईलच.

आता घरातलं. ग्रुपच्या आधी घर, कारण घरात जे सांगितलं गेलंय त्यावर ग्रुप उभा राहतो.

आपल्या भाषेत एक गोची आहे. "बाबा गेले" हे आपण सभ्यपणे म्हणतो, पण सात वर्षांच्या मुलीसाठी "गेले" म्हणजे ऑफिसला पण गेले आणि गावाला पण गेले, आणि गेलेला माणूस येतो. मग ती कधी येणार विचारते तर तिचं काय चुकलं? "वारले" तिला कळत नाही, "मेले" आपल्या तोंडून निघत नाही. "देवाला आवडले म्हणून त्याने नेलं" हे तर अजिबात नको, एका सहा वर्षांच्या मुलाने यावरून हिशोब मांडला होता की चांगली माणसं देवाला आवडतात, म्हणजे आपण वाईट वागलेलं बरं, आणि घरचे म्हणत होते बाप गेल्यापासून पोरगं बिघडलं. "झोपलेत" म्हणालात तर रात्री झोपायचे वांधे. सरळ सांगायचं: बाबांचा मृत्यू झाला. त्यांचं हृदय बंद पडलं, श्वास थांबला, शरीर चालायचं थांबलं. त्यांना आता भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही. ते परत येऊ शकत नाहीत. त्यांना यायचं नाही असं नाही, येताच येत नाही. आणि तू काही केलंस, बोललीस किंवा मनात आणलंस म्हणून हे झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य तिने विचारलं नसलं तरी सांगा, कारण या वयाची मुलं ते विचारत नाहीत, नुसतं मनात ठेवतात.

मृत्यू कायमचा असतो, त्यात शरीराचं सगळं काम थांबतं आणि तो प्रत्येकाला येतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारण ५ ते ७ या वयात उमगायला लागतात. म्हणजे तुमची भाची बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. ती रोज तेच विचारते म्हणजे तिला कळलंच नाही असं नेहमीच नसतं, पुष्कळदा ती बघत असते की उत्तर कालचंच आहे ना, की बदललं. म्हणून आई, आजी, मामा सगळ्यांनी एकच उत्तर, शक्यतो त्याच शब्दांत द्यायचं. कंटाळा येतो, पण द्यायचं. आणि विचारून झालं की लगेच "मी खेळायला जाऊ?" म्हणाली तर जाऊ द्या. मोठ्यांचं दुःख नदीसारखं, पाय टाकला की वाहत जायचं. मुलं डबक्यात उडी मारतात, भिजतात आणि बाहेर येऊन पळतात, थोड्या वेळाने पुन्हा उडी. दुःखाच्या म्हणून सांगतात त्या पाच पायऱ्या, नकार, राग वगैरे, त्या डोक्यातून काढून टाका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंट्सशी बोलून, मागे राहिलेल्या लेकरांवरून नाही. माझ्या अनुभवाला त्यापेक्षा श्ट्रोबे आणि शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेलं जास्त पटतं, की माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात झोके घेत असतो आणि ते झोके घेणं हेच तब्येतीचं लक्षण आहे. तुमच्या भाच्याचं गेमिंग यात बसतं का? बऱ्यापैकी बसतं, पण त्याच्याकडे नंतर येते.

घरात खरं सांगितलेलं नसेल तर मुलाला ग्रुपमध्ये घेऊ नका. हा आमचा सगळ्यात कडक नियम आहे आणि तो चुकून शिकलेला आहे. एका आठ वर्षांच्या मुलाला घरी सांगितलं होतं की बाबा परदेशी कामाला आहेत. आईने फॉर्म भरताना आम्हाला खरं लिहून दिलं, आणि आम्ही धरून चाललो की मुलाला माहीत असणारच. पहिल्या दहा मिनिटांत शेजारची मुलगी त्याला म्हणाली, "तुझे कशाने वारले? इथे सगळ्यांचं कोणीतरी मेलेलं असतं." त्याने रंगपेटी बंद केली, खडू एकेक करून नीट आत लावले आणि म्हणाला, माझे नाही मेलेले, मी चुकून आलोय. त्या दिवशी त्या मुलाला जे समजलं ते आमच्यामुळे आणि असं समजलं. तेव्हापासून पहिल्या भेटीत पालकासमोर मुलालाच विचारते, "तू इथे का आलायस माहितीये का?" आणि उत्तर ऐकल्याशिवाय पुढे जात नाही.

आत्महत्या झालेली असेल तर पालक हमखास म्हणतात, एवढं नका सांगू. मी त्यांचं ऐकून घेते आणि तरी सांगते की सांगा. पद्धतीचा तपशील नको, पण "त्यांच्या मनाचा आजार इतका वाढला होता की त्यांना दुसरा मार्ग दिसेना, आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला, ते तुझ्यामुळे नाही" एवढं हवं. मुलाला ते कळणारच असतं, प्रश्न इतकाच की तुमच्याकडून की वर्गातल्या कुणाकडून.

आता ग्रुपची रचना. सहा ते आठ मुलं, दहाच्या वर नको. सात वर्षांची आणि चौदा वर्षांचा एकाच गोलात नको, दोन ग्रुप करा, निदान दोन खोल्या. दर पंधरवड्याला सव्वा-दीड तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि तुमच्यामुळे तो रद्द होता कामा नये, ज्या मुलाचा माणूस सकाळी बाहेर पडून परत आला नाही त्याला "या वेळी नाही जमलं" हे वेगळंच लागतं. दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस धरा, आणि कुठलाही मोठा माणूस एका मुलासोबत बंद दाराआड एकटा नको, कितीही ओळखीचा असला तरी. व्हॉलंटियर घेताना चौकशी करून घ्या. ज्यांचं स्वतःचं जवळचं माणूस वर्षाच्या आत गेलंय त्यांना प्रेमाने सांगा की जरा थांबा, नाहीतर मुलं त्यांनाच सांभाळत बसतात, आणि ही मुलं मोठ्यांना सांभाळण्यात आधीच तरबेज झालेली असतात. सेशन झाल्यावर मोठ्यांनी अर्धा तास बसायचं आणि आज कोणाच्या कशाने पोटात कालवलं ते बोलायचं. आम्ही सुरुवातीला हे टाळायचो, घरी जायची घाई, आणि दोन वर्षांत निम्मे लोक गळाले.

सुरुवातीचा गोल छोटा ठेवा. नाव, कोण वारलं, कशाने वारलं, आणि "पास" म्हणायची मुभा. पास म्हणजे खरोखर पास, त्यावर "बरं, पुढच्या वेळी सांग हं" असलं काही नाही. मोठ्यांनी पण आपापलं सांगायचं. मग खेळ. एका कोपऱ्यात उशा आणि जुने पेपर, फाडायला, आपटायला (डगी सेंटरमध्ये यासाठी गाद्या लावलेली अख्खी खोली आहे, तिला ते ज्वालामुखीची खोली म्हणतात, आपल्याला एक कोपरा पुरतो). दुसरीकडे डॉक्टर-डॉक्टरचं सामान, बँडेज, खेळण्यातली ॲम्ब्युलन्स. ती ॲम्ब्युलन्स सगळ्यात आधी मोडते, दोन आणा.

फॅसिलिटेटरने, म्हणजे मुलांसोबत बसणाऱ्या मोठ्या माणसाने, करायचं काय? फार कमी. मूल गाडीवर गाडी आपटतंय तर "बाबांची आठवण येतेय का रे?" असं विचारायचं नाही. "गाडी धडकली," एवढंच म्हणायचं. ते पुन्हा आपटेल. "परत धडकली." मग कदाचित ते म्हणेल, "ॲम्ब्युलन्स उशिरा आली." "उशिरा आली." आपण अर्थ सांगायचा नाही, मागे मागे चालायचं. नवीन लोकांना हे शिकवायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण चांगल्या माणसांना समजूत काढायची फार सवय असते.

एक ॲक्टिव्हिटी सांगते जी लहान-मोठ्या सगळ्यांना चालते, आठवणींची बरणी. पांढरं मीठ कागदावर घ्यायचं, त्यावर रंगीत खडू आडवा घासायचा, मीठ रंगतं. एकेक रंग एकेक आठवण, आणि काचेच्या छोट्या बरणीत थरावर थर. काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर घरी जाईपर्यंत हलून सगळे रंग एक होतात आणि मूल रस्त्यातच रडतं. एका दहा वर्षांच्या मुलाने पिवळा थर केला, सायकल शिकवली म्हणून, हिरवा केला, मॅच बघायचो म्हणून, आणि मग काळा, बरणीचा जवळजवळ अर्धा. "हा ओरडायचे तो." न्यायला आलेल्या आईने ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला, असं काय लोकांसमोर सांगतोस म्हणाली. आम्ही मुलाला काही बोललो नाही, आईला आत नेऊन बसवलं. गेलेला बाप देव झाला की मुलाला त्याच्यावर रागावता येत नाही, आणि रागावता आलं नाही की आठवायचंही अवघड होतं. ती बरणी नंतर त्यांच्या घरात टीव्हीजवळ होती असं तिनेच सांगितलं, काळ्या थरासकट.

इथे मुद्द्याचं. मुलांचा ग्रुप चालू असताना त्याच वेळी शेजारच्या खोलीत पालकांना बसवा. हे जमत नसेल तर मुलांचा ग्रुप महिनाभर उशिरा सुरू करा, पण हे सोडू नका. हार्वर्डच्या एका अभ्यासात विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी ७० कुटुंबांतल्या, आई किंवा वडील गेलेल्या १२५ मुलांना दोन वर्षं भेटून पाहिलं. बहुतेक मुलं सावरली, साधारण पाचातल्या एकाला दोन वर्षांनंतरही मोठा त्रास होता, आणि मूल कसं राहील हे सगळ्यात जास्त कशावरून कळत होतं, तर मागे राहिलेला पालक कसा आहे त्यावरून. आणि हा त्रास पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी कमी झालेला नव्हता, म्हणजे नातेवाइकांचे फोन थांबतात तेव्हा खरं काम सुरू होतं. ॲरिझोनात अर्विन सँडलर यांच्या टीमने १५६ कुटुंबं घेतली आणि त्यातल्या काहींना प्रोग्रॅम दिला, मुलांची १२ सेशन्स आणि पालकांची वेगळी, ज्यात भर कशावर, तर मुलासोबत रोज थोडा वेळ, ऐकून घेणं, घरातली शिस्त न सोडणं. १५ वर्षांनी ती मुलं तरुण झाल्यावर पाहिलं तर प्रोग्रॅम न मिळालेल्यांपेक्षा डिप्रेशनचं प्रमाण त्यांच्यात स्पष्ट कमी होतं. त्यामुळे तुमच्या ताईला आधी झोप, डॉक्टर, पैशाची कागदपत्रं, कोणीतरी सोबत, हे मिळतंय का बघा. तिने मुलांसमोर रडलं तर चालतं, "मला बाबांची आठवण आली म्हणून रडतेय, थोड्या वेळाने थांबेन, तुझ्यामुळे नाही" एवढं सांगितलं की पुरे. फोटो काढून ठेवू नका, दाजींचा शर्ट मागितला तर द्या. विसरणं म्हणजे सावरणं ही समजूत जुनी झाली.

शाळेला कळवा, पण वर्गात काय सांगायचं ते मुलाला विचारून.

आता भाचा. चौदाव्या वर्षी सगळ्यात मोठी भीती असते वेगळं दिसायची, आणि बाप नसणं म्हणजे एकदम वेगळंच दिसणं. त्याला कोणीतरी एव्हाना "आता तूच घरातला कर्ता" म्हटलं असणार, शोधून काढा कोणी म्हटलं आणि ते परत घ्यायला लावा, सर्वांसमोर नाही, पण त्याला ऐकू येईल असं. आईसमोर तो रडत नाही कारण त्याला वाटतं आपण रडलो तर ती कोसळेल. गेममध्ये त्याचे मित्र आहेत, नियम आहेत, आणि मेलं की पुन्हा चालू होतं, मला तरी यात नवल वाटत नाही. शेजारी बसा, गेम शिकवायला सांगा, हरा. मोठ्या मुलांचं बोलणं समोरासमोर होत नाही, शेजारी-शेजारी होतं, गाडीत, चालताना, भांडी घासताना. टीनएजर्सच्या ग्रुपमध्ये आम्ही गोल करतच नाही, कॅरम आणि चहा ठेवतो, आणि एक प्रश्नाची चिठ्ठी, "लोकांनी तुला म्हटलेलं सगळ्यात फालतू वाक्य कोणतं?" यावर मात्र तासभर थांबत नाहीत.

पण लक्ष कशावर ठेवायचं ते माहीत हवं. झोप आणि खाणं पार बिघडलंय, शाळा सुटलीय, स्वतःला इजा, नशा, मृत्यूचं दृश्य सारखं डोळ्यांसमोर, मृत्यू झाला त्या खोलीत पाऊलच टाकत नाही, मित्र सगळे तोडले, असं काही असेल तर ग्रुपवर अवलंबून न राहता तज्ज्ञाकडे. डॉक्टरांच्या पुस्तकांतही आता प्रदीर्घ शोकाचं वेगळं निदान आहे आणि मुलांसाठी त्याची किमान मुदत ६ महिने धरतात, म्हणजे तीन महिन्यांत लेबल लावायची घाई नको. पण वरची लक्षणं असतील तर सहा महिने थांबायचंही नाही. "मला पण बाबांकडे जायचंय" असं लहान मूल म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला बाबा हवे असतात, मरायचं नसतं, तरी विचारा. मोठ्याला तर सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतं का? काही ठरवलंयस का?" विचारल्याने डोक्यात येत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर. ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं की इथलं बोलणं इथेच राहील, फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी त्रास देत असेल तर आम्ही मोठ्यांना सांगणार, आणि सांगायच्या आधी तुला सांगणार.

किती दिवस यायचं हे मुलालाच ठरवू द्या. काही तीन महिन्यांत जातात, काही तीन वर्षं येतात, काही जातात आणि दहावीच्या निकालानंतर पुन्हा उगवतात कारण पेढा द्यायला माणूस नसतो. जाणाऱ्याला निरोप मात्र ठरवून द्या, एक सेशन आधी सांगून, कारण यांच्यातल्या बहुतेकांना आधीचा निरोप घ्यायला मिळालेला नसतो.

भाच्याला पहिल्या दिवशी "ग्रुपला चल" म्हणू नका, येणार नाही. खुर्च्या लावायला आणि कॅरम उचलायला माणूस कमी आहे म्हणा, आणि ते खरंच असू द्या. आमच्याकडे एक मुलगा चार महिने फक्त खुर्च्या लावायला यायचा, गोलात बसायचा नाही, दाराशी उभा. पाचव्या महिन्यात त्याने एक खुर्ची जास्त लावली आणि तिच्यावर बसला. पास म्हणाला.